खूप वाटतं, म्हणजे किती?

मंडईत उभं राहून कुणी ‘पिवळीकुट्ट लिंबं द्या’ म्हणालं, तर भाजीवाली लिंबं देईल, पण आधी मान वर करून माणूस बघून घेईल. काळं असतं ते कुट्ट. पिवळं धमक, हिरवं गार, पांढरं शुभ्र, लाल भडक, निळं शार. चवींचंही तेच: गोड मिट्ट, आंबट ढाण, कडू जहर. हे कुठल्या इयत्तेत शिकवत नाहीत आणि व्याकरणाच्या पुस्तकात याचं कोष्टक नसतं. तरी चूक झाली की चार वर्षांच्या पोरालाही कळते. ‘कुट्ट’ लिंबाला का चालत नाही, याचं उत्तर कुणी देणार नाही. चालत नाही, विषय संपला.

इंग्रजीत ‘आय स्ट्राँगली थिंक’, ‘आय हायली थिंक’, ‘आय व्हेरी थिंक’ ही सगळी पिवळीकुट्ट लिंबं आहेत. अर्थ कळतो, पण ऐकणारा मान वर करून बघतो. पुण्यातून परदेशी विद्यापीठांना जाणारी शिफारसपत्रं, हिंजवडीतून निघणाऱ्या ईमेल, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावाचे निबंध यांत ही लिंबं पाटीभर सापडतात. आणि लिहिणाऱ्याचं व्याकरण बहुतेक वेळा पक्कं असतं. काळ बरोबर, कर्ता-क्रियापद बरोबर, स्पेलिंग बरोबर. फक्त मत ठासून सांगायची वेळ आली की ‘थिंक’च्या शेजारी भलताच शब्द येऊन बसतो.

शब्दांच्या या शेजाराला इंग्रजीत कलोकेशन म्हणतात. जे. आर. फर्थ हे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे १९५७ साली त्यांनी लिहिलं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आपल्याकडे ही गोष्ट गोठ्यातच ठरली होती: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. १९७० साली भाषाशास्त्रज्ञ सिडनी ग्रीनबॉम यांनी क्रियापदं आणि त्यांना जोर देणारे शब्द यांच्या जोड्यांवरचे प्रयोग छापले. लोकांना अर्धवट वाक्य द्यायचं आणि पुरं करायला सांगायचं. ‘आय एन्टायरली’ एवढं दिलं की माणसं ‘अग्री’कडे धावायची, ‘आय बॅडली’ म्हटलं की ‘नीड’ नाहीतर ‘वॉन्ट’. समोरचा शब्द दिसायच्या आधीच त्यांना पुढचा ऐकू येत होता, आपल्याला ‘काळा’ म्हटल्यावर ‘कुट्ट’ ऐकू येतो तसा.

पण रंगांच्या जोड्यांना कारण नाही आणि ‘थिंक’च्या जोड्यांना बऱ्याच अंशी आहे. ते कारण गंमत म्हणजे मराठी माणसाला इंग्रज माणसापेक्षा लवकर दिसायला हवं.

सुरुवात ‘खूप’पासून करावी लागते, कारण घोटाळ्याचं मूळ तिथे आहे. ‘खूप’ हा आपला हरकाम्या गडी. खूप मोठं घर, खूप लोक, खूप आवडतं, खूप चाललो, खूप विचार केला. एकच माणूस सगळीकडे. इंग्रजीत प्रत्येक कामाला वेगळा माणूस लागतो: घर मोठं असेल तर ‘व्हेरी’, लोक असतील तर ‘मेनी’ किंवा ‘अ लॉट ऑफ’, आवडण्याला ‘रिअली’ किंवा ‘व्हेरी मच’, चालण्याला ‘अ लॉट’, विचाराला ‘हार्ड’. यातला ‘व्हेरी’ सर्वांत आधी पाठ होतो आणि सर्वांत जास्त नडतो. तो विशेषणाला आणि क्रियाविशेषणाला लागतो, क्रियापदाला थेट कधीच लागत नाही. ‘व्हेरी गुड’ झालं, ‘व्हेरी क्विकली’ झालं, ‘व्हेरी लाइक’ होत नाही आणि ‘व्हेरी थिंक’ तर नाहीच. मध्ये ‘मच’चा टेकू दिला की काही क्रियापदं ‘व्हेरी’ला घरात घेतात: ‘आय व्हेरी मच होप’, ‘आय व्हेरी मच डाउट’. ‘थिंक’ टेकू दिल्यावरही नाखूषच असतं. बोलताना एखादा ब्रिटिश माणूस ‘आय व्हेरी मच थिंक सो’ म्हणून जाईल. लिहिताना त्या वाटेला न गेलेलं बरं.

आता ‘थिंक’कडे. इंग्रजीत हे एक क्रियापद दिसतं, पण मराठीत उतरवायला गेलं की त्याचे लगेच दोन तुकडे पडतात. ‘आय थिंक ही इज राइट’ म्हणजे ‘मला वाटतं त्याचं बरोबर आहे’. ‘आय अ‍ॅम थिंकिंग’ म्हणजे ‘मी विचार करतोय’. वाटणं आणि विचार करणं ही आपल्याला एका जातीची कामंच वाटत नाहीत. विचार मी करतो. मी कर्ता आहे, घाम माझा आहे. वाटतं मात्र मला, म्हणजे ते बाहेरून कुठून तरी येऊन मला वाटून जातं. (पाट्यावर चटणी वाटतात ते वाटणं वेगळं आणि पेढे वाटतात ते तिसरंच.)

इंग्रजीतही हे दोन तुकडे एके काळी वेगळे होते. जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती. एक विचार करण्याचं, त्याला ‘मी’ कर्ता लागायचा. दुसरं वाटण्याचं, त्याला ‘मला’ लागायचं, अगदी आपल्यासारखं. दुसऱ्याचा एक वाळलेला तुकडा ‘मिथिंक्स’ या रूपात जुन्या नाटकांमधून शिल्लक आहे, त्यातला ‘मी’ हा आपला ‘मी’ नसून ‘मला’ आहे. जर्मनमध्ये ‘डेंकेन’ आणि ‘ड्युंकेन’ ही जोडी अजून वेगळी सांगता येते. इंग्रजीत मात्र मधल्या काही शतकांत दोघांचे उच्चार एकमेकांकडे सरकत गेले आणि शेवटी एकाच वेषात दोघं राहू लागले. वेष एक झाला, स्वभाव दोन राहिले. आणि जोर देणारे शब्द वेष बघत नाहीत, स्वभाव बघतात.

विचार करणं ही मेहनत आहे, म्हणून त्या ‘थिंक’ला मेहनतीची मापं लागतात: ‘हार्ड’, ‘केअरफुली’, ‘डीपली’, ‘लाँग अँड हार्ड’. ही सगळी क्रियापदाच्या मागे उभी राहतात. ‘आय थॉट लाँग अँड हार्ड अबाउट इट.’ मराठीतही आपण मापंच वापरतो: खोल विचार, सखोल विचार, साधकबाधक विचार, बारकाईनं विचार. फरक एवढाच की आपण ‘विचार’ या नामाला विशेषण जोडतो आणि इंग्रजी क्रियापदाला शेपूट लावतं. म्हणून ‘मी खोल विचार केला’ याचं ‘आय डीपली थॉट’ होतं आणि किंचित लंगडतं. ‘आय थॉट डीपली अबाउट इट’ केलं की सरळ चालायला लागतं. आकड्यांची मजा तर वेगळीच. इंग्रज दोनदाच विचार करायला सांगतो, ‘थिंक ट्वाइस’, आणि त्याला तेवढं पुरतं. तिसऱ्यांदा करायचा वाक्प्रचार त्याच्याकडे नाही. आपण दहादा करायला सांगतो, प्रकरण लग्नाचं किंवा फ्लॅटचं असेल तर शंभरदा. ‘थिंक टेन टाइम्स’ असं भाषांतर केलं तर समोरचा मोजायला बसेल.

इथे एक खड्डा आहे आणि तो चांगला खोल आहे. शाळेत शिकवतात की विशेषणाला ‘एलवाय’ लावलं की क्रियाविशेषण होतं. त्या हिशेबानं ‘हार्ड’चं ‘हार्डली’. मुलगा शिफारसपत्रासाठी मुद्दे लिहून देतो, ‘आय हार्डली थॉट अबाउट माय करिअर’. त्याला म्हणायचंय, मी फार कष्टानं विचार केला. कागदावर उमटतं, मी विचार जवळजवळ केलाच नाही. ‘हार्डली’चा अर्थ ‘जेमतेम’, आणि ‘हार्ड’ला क्रियाविशेषण व्हायला शेपटी लागतच नाही. याहून वाकडी गोष्ट म्हणजे ‘आय हार्डली थिंक दॅट्स फेअर’ हे वाक्य बरोबर आहे, पण ते वाटण्याच्या ‘थिंक’चं आहे आणि त्यात टोमणा आहे: ‘हे काही मला न्यायाचं वाटत नाही बुवा’.

‘ओव्हरथिंक’ हाही मेहनतीच्याच बाजूचा. हल्ली फर्ग्युसन रस्त्यावर दर दुसऱ्या टेबलावर ‘ओव्हरथिंक करू नकोस’ ऐकू येतं, आणि वापर अचूक असतो, कारण आधीचं ‘फार विचार करू नकोस’ त्यात जसंच्या तसं बसतं. ‘मला अति वाटतं की तो येईल’ असं कुणी म्हणत नाही, तसं ‘आय ओव्हरथिंक दॅट’ असंही होत नाही. मराठीत जे बसत नाही ते इंग्रजीतही बसत नाही, याचा हा चांगला नमुना.

वाटण्याच्या बाजूला मात्र मापं लागू होत नाहीत. मत हे असतं किंवा नसतं; ते दोन किलो नसतं. कर्वे रस्त्यावर एकेरी वाहतूक करावी असं कुणाला वाटत असेल, तर ते ‘हार्ड’ वाटू शकत नाही, ‘डीपली’ही नाही. मग जोर कशाला द्यायचा? इथे इंग्रजी प्रामाणिकपणाला जोर देतं. ‘आय रिअली थिंक’, ‘आय ऑनेस्टली थिंक’, ‘आय जेन्युइनली थिंक’. म्हणजे मी उगाच बोलत नाहीये, तोंडदेखलं म्हणत नाहीये. मराठीत याची तंतोतंत जोडी आहे: खरंच वाटतं, मनापासून वाटतं, प्रामाणिकपणे वाटतं. दोन्ही भाषांत मताचं वजन वाढवायला खरेपणाच लागतो. आणि ज्या ‘व्हेरी’ला आपण बाहेर ठेवलं त्याचाही जन्म खरेपणातच झाला. जुन्या फ्रेंचमधल्या ‘खरा’ या अर्थाच्या शब्दातून तो इंग्रजीत आला आणि झिजत झिजत नुसतं ‘फार’ उरला. ‘रिअली’ त्याच रस्त्यावर आहे. ‘रिअली बिग’मध्ये खरेपणा जवळजवळ संपलाय; ‘रिअली थिंक’मध्ये अजून शिल्लक आहे, म्हणूनच ती जोडी टिकून आहे.

मराठीत ‘वाटतं’ला ‘खूप’ जोडून पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. ‘मला खूप वाटतं’ एवढं म्हणून थांबलं तर ऐकणारा विचारतो, खूप काय? खूप बरं, खूप वाईट, खूप छान. ‘खूप’ला तिथे विशेषण हवं असतं. विशेषण न देता वाक्य पुरं करायचं असेल तर ते आपोआप इच्छेकडे वळतं: ‘मला खूप वाटतं, त्यानं एकदा यावं.’ पाहा, क्रियापद ‘येईल’वरून ‘यावं’वर गेलं. हे मत राहिलं नाही, आस झाली. याचं इंग्रजी ‘आय रिअली थिंक ही शुड कम’ केलं तर सल्ला होतो; आस कळवायची तर ‘आय रिअली विश ही वुड कम’ असं ‘थिंक’ सोडूनच जावं लागतं. तिसरा प्रकार ‘मला तिच्याबद्दल खूप वाटतं’. इथे माया आहे. इंग्रजी यासाठी ‘थिंक’ला दुसरा शेजारी देतं: ‘आय थिंक द वर्ल्ड ऑफ हर’.

त्याच गल्लीत ‘हायली’ राहतो. ‘थिंक हायली ऑफ’ म्हणजे कुणाबद्दल चांगलं, मानाचं मत असणं. प्राध्यापकांच्या पत्रात ‘आय थिंक हायली ऑफ हिज वर्क’ हवं असतं आणि मसुद्यात ‘आय हायली थिंक दॅट ही इज अ गुड स्टुडंट’ येतं, कारण ‘आय हायली रेकमेंड’ हे खालच्याच ओळीत असतं आणि ते बरोबर असतं. ढवळ्याचा गुण पवळ्याला. ‘हायली’ ‘थिंक’च्या आधी येतो तो एकाच घडीत: ‘शी इज हायली थॉट ऑफ’. नकार घातला की शब्द बदलतो, ‘आय डोन्ट थिंक मच ऑफ इट’. हे फार विचार न करण्याबद्दल नाही. ‘मला काही ते विशेष वाटलं नाही’ असं आहे. सदाशिव पेठेत मिसळ खाऊन हात धुताना जे वाक्य निघतं, ते.

‘स्ट्राँगली’ आणि ‘फर्मली’ यांचं काय? व्याकरण त्यांना अडवत नाही, संगत अडवते. ‘स्ट्राँगली’ला ज्यात भूमिका आहे, थोडी रेटारेटी आहे अशी क्रियापदं आवडतात: ‘बिलीव्ह’, ‘फील’, ‘डिसअग्री’, ‘ऑब्जेक्ट’, ‘रेकमेंड’, ‘सस्पेक्ट’. ‘फर्मली’ तर ‘बिलीव्ह’चा जवळजवळ घरजावई. ‘थिंक’ त्यांच्या मानानं फार हलकं आहे. मराठीत बघा: ‘ठाम’ हा ‘वाटतं’ला फारसा लागत नाही, ‘मत’ला लागतो. ठाम मत, स्पष्ट मत, प्रांजळ मत. ‘मला ठामपणे वाटतं’ वर्तमानपत्री कानाला चालून जातं, पण बोलताना माणूस ‘माझं ठाम मत आहे’ असंच म्हणतो, पुण्यात तर न विचारताही म्हणतो. तेव्हा डोक्यात ‘ठाम मत’ आलं की ‘थिंक’ बाजूला ठेवायचं आणि ‘आय फर्मली बिलीव्ह’ घ्यायचं. ‘खरंच वाटतं’ आलं तर ‘आय रिअली थिंक’. ‘खूप विचार केला’ आलं तर ‘आय थॉट हार्ड’. मराठी वाक्यातलं क्रियापद नीट ऐकलं की इंग्रजी शेजारी जवळजवळ आपोआप ठरतो.

म्हणूनच स्पोकन इंग्लिशच्या फलकांवरचं ते वाक्य, ‘इंग्रजी बोलायचं तर इंग्रजीतच विचार करा’, मला निदान या क्रियापदापुरतं उलटं वाटतं. इंग्रजीत विचार करायला गेलेल्याच्या हाती एकच ‘थिंक’ येतं आणि दोन स्वभाव एकमेकांत मिसळतात. त्यातूनच ‘आय अ‍ॅम थिंकिंग दॅट यू आर राँग’ निघतं, मत असताना चालू काळ. ‘मला वाटत आहे की तुझं चुकतंय’ असं मराठीत कुणी म्हणेल का? ‘वाटतं’ म्हणेल. मराठी ऐकली असती तर चूक झालीच नसती.

मराठीचं न ऐकता चालवावं लागतं ते जागेच्या आणि आवाजाच्या बाबतीत.

जागा आधी. ‘रिअली’ मुख्य क्रियापदाच्या अगोदर येतो आणि नकार आला की तो नकाराच्या अलीकडे की पलीकडे यावर अर्थ पालटतो. ‘आय रिअली डोन्ट थिंक सो’ म्हणजे ‘मला खरंच नाही वाटत तसं’: ठाम नकार. ‘आय डोन्ट रिअली थिंक सो’ म्हणजे ‘मला काही तसं वाटत नाही’: मऊ, दार अर्धं उघडं. मीटिंगमध्ये क्लायंटनं दुसरं वाक्य म्हटलं आणि ऐकणाऱ्यानं पहिलं समजून घेतलं, की आणखी अर्ध्या तासात निकाली निघणारी गोष्ट तिथेच सोडून दिली जाते. उलटही होतं. नकाराच्या जागेबाबत मात्र दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी आहेत: ‘तो येईल असं वाटत नाही’ म्हणताना नकार वाटण्याला लावलेला असतो, पण अर्थ येण्याला लागतो. ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ हुबेहूब तसंच. तिथला ‘सो’ही जोराचा नाही, तो आपला ‘तसं’ आहे.

‘सिरियसली’ जागा बदलली की नोकरीच बदलतो. ‘आय सिरियसली थिंक ही इज राँग’ म्हणजे मी थट्टा करत नाहीये. ‘आय अ‍ॅम सिरियसली थिंकिंग ऑफ लीव्हिंग’ म्हणजे राजीनाम्याचा मसुदा तयार असू शकतो. एक वाटणं, एक विचार. शब्द तोच, माप वेगळं. ‘ऑनेस्टली’ तर स्वल्पविरामावर तरंगतो. ‘ऑनेस्टली, आय थिंक’मध्ये बोलणं प्रामाणिक आहे, ‘थिंक ऑनेस्टली’मध्ये विचार.

आता आवाज. ‘आय थिंक ही इज कमिंग’ हे वाक्य ‘थिंक’वर जोर देऊन म्हटलं तर मत पक्कं होत नाही, डळमळीत होतं: ‘येतोय बहुतेक, नक्की सांगत नाही’. मराठी माणूस ठासून सांगायला क्रियापद ठासतो आणि इंग्रजीत नेमका संशय व्यक्त करून बसतो. वजन हवं असेल तर आवाज ‘रिअली’वर चढवायचा, किंवा ‘डू’ आणायचा: ‘आय डू थिंक’. हा ‘डू’ आपल्या ‘च’च्या जवळचा. आपल्याकडे तर जोर देण्यासाठी व्यंजनच दुप्पट करायची सोय आहे, मोठ्ठा, इतक्का, अस्सा. ‘वाटेल ते बोलतो’ यापेक्षा ‘वाट्टेल ते बोलतो’ किती जड आहे! ‘वाटणं’ हे स्वतः असं दुप्पट होतं ते इथेच, आणि तिथे मताचा काही संबंध उरलेला नसतो.

एक ठिकाण असं आहे जिथे कसलाच जोर चालत नाही, दोन्ही भाषांत. ‘पाऊस येणार वाटतं.’ इथे ‘मला’ गळून पडलंय, ‘वाटतं’ वाक्याच्या शेवटी नुसतं टेकलंय आणि त्याचं काम अंदाज सांगण्याचं आहे. त्याला ‘खरंच’ लावून पाहा, ‘पाऊस येणार खरंच वाटतं’, वाक्य मोडतं. इंग्रजीत ‘इट्स गोइंग टु रेन, आय थिंक’ असंच शेवटी टेकलेलं असतं. तिथे ‘आय रिअली थिंक’ म्हटलं की कान टवकारतात. जे वाक्याच्या कडेला उभं आहे त्याला मध्यभागी ओढायचं तर आधी पुढे आणावं लागतं.

परीक्षेचं थोडक्यात. आयईएलटीएसच्या लेखनात दुसरं काम म्हणजे किमान २५० शब्दांचा निबंध, वेळ साधारण ४० मिनिटं, आणि प्रश्न बरेचदा ‘तुम्ही कितपत सहमत आहात’ या धाटणीचा. ‘कितपत’ला उत्तर जोराच्या शब्दानंच द्यायचं असतं, आणि ते ‘थिंक’वर नाही तर ‘अग्री’वर: ‘कम्प्लीटली’, ‘लार्जली’, ‘पार्टली’. शब्दसंपत्तीचे गुण चारांपैकी एक भाग असतात आणि त्यात शब्दांची संगतही पाहतात. ‘आय कुडन्ट अग्री मोअर’ हे ओळखून ठेवावं. नकारासारखं दिसतं आणि अर्थ ‘शंभर टक्के सहमत’ असा आहे. माझं प्रांजळ मत: ‘आय स्ट्राँगली बिलीव्ह’ पूर्ण निबंधात एकदा पुरतं. दर परिच्छेदात आलं की वाचणाऱ्याला लेखकाच्याच खात्रीची शंका यायला लागते.

एखाद्या जोडीबद्दल अडलं तर आप्पा बळवंत चौकात कलोकेशनचे कोश मिळतात, पण घरबसल्या पाहायचं तर गुगलचं एनग्रॅम हे छापील पुस्तकांतले शब्द मोजणारं साधन पुरेसं आहे. ‘आय’, मग तारांकन, मग ‘थिंक’ असं टाकलं की मधल्या जागेत छापील पुस्तकांत सर्वाधिक येणारे दहा शब्द आलेखात दिसतात. पहिल्या झटक्यात तिथे ‘डू’, ‘शुड’ अशी साहाय्यक क्रियापदं गर्दी करतात. म्हणून तारांकनाला लागून अधोरेषा आणि क्रियाविशेषणाची ‘एडीव्ही’ ही खूण जोडायची. मग खरे शेजारी वर येतात. दोन जोड्यांची तुलना करायची तर स्वल्पविराम देऊन दोन्ही टाकायच्या: ‘स्ट्राँगली थिंक, स्ट्राँगली बिलीव्ह’. दोन रेषांमधलं अंतर बघितलं की वादाचं कारण उरत नाही. मात्र हे पुस्तकातलं इंग्रजी आहे. चाळीसहून कमी पुस्तकांत आलेली जोडी तिथे दिसतच नाही, आणि ‘काइंड ऑफ थिंक’सारख्या बोलीतल्या ढिल्या जोड्या जितक्या कानावर येतात तितक्या तिथे सापडणार नाहीत.

एका वाक्याला मात्र कुठलाही शेजारी पुरत नाही: ‘मला वाटलंच!’ शेवटचा ‘च’ काढला तर ‘मला वाटलं’ उरतं आणि ते बहुधा चुकलेल्या अंदाजाचं असतं, ‘मला वाटलं तू गेलास’. ‘च’ लागला की तोच अंदाज खरा ठरतो. इंग्रजीत ‘आय रिअली थॉट’ केलं तर पुन्हा चुकलेल्याच बाजूला पडतं: ‘आय रिअली थॉट वी वुड विन’, म्हणजे हरलो. ‘आय थॉट अ‍ॅज मच’ जवळ येतं, पण त्यात टाळी वाजत नाही. टाळी वाजवायची असेल तर इंग्रज ‘थिंक’ टाकून देतो आणि म्हणतो, ‘आय न्यू इट!’